अक्कांच्या मसाल्यातला चौकोन

माझ्या मोठ्या जाऊबाई, अक्का, येत्या रविवारी ऐंशीच्या होणार होत्या. त्यांची पाककृतींची वही छापून घरोघरी वाटायची, ही कल्पना माझी. त्यात माझा स्वार्थही होता. त्यांच्या वहीतून उतरवून घेऊन चाळीस वर्षं मी गोडा मसाला करतेय आणि चाळीस वर्षं माझी आमटी किंचित कडू होतेय. नेमकं कुठे चुकतंय ते एकदाचं कळावं, एवढंच मला हवं होतं.

अक्का मापं जुन्या पद्धतीने लिहितात. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. फ्रीगंजातल्या छपाईच्या दुकानातल्या रुचिरने सगळी वही टाइप करून प्रूफ हातात दिलं, तर प्रत्येक मापाच्या जागी रिकामा चौकोन.

"हे काय रे? मापं कुठे गेली?"

"काकू, मी युनिकोडच्या खुणा बरोबर टाकल्या. पण या फॉन्टमध्ये त्या आहेतच नाही, तर चौकोनच येणार. दुसरा फॉन्ट ढूंढतो, टेन्शन नका घेऊ."

मी तणतणत घरी आले आणि प्रूफ अक्कांपुढे टाकलं. त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडून पेन घेतलं आणि पेपरातलं शब्दकोडं सोडवावं तसे चौकोन भरत सुटल्या. वही उघडलीसुद्धा नाही.

ताळा पाहायला वही घेऊन मी बसले. लाडू बरोबर, चिरोटे बरोबर. गोड्या मसाल्यापाशी थबकले. वहीत दगडफुलापुढे तीन रेघा होत्या, चौकोनात एकच.

"अक्का, तुम्ही पाव लिहिलंत. वहीत पाऊण वाटी आहे."

अक्कांनी पेनाला टोपण लावलं. बराच वेळ लावत राहिल्या.

"तेव्हा जो तो वही मागायचा गं," त्या म्हणाल्या. "सासूबाईंनी मला एकटीला शिकवलेला मसाला. असा कसा वाटून टाकायचा? म्हणून जरा बढाकर लिहिलं."

"चाळीस वर्षं मी सगळ्यांना कडू आमटी वाढली, अक्का."

"आणि मी गपचूप खाल्ली. आता खरं तेच छाप. मी काय बरोबर नेणार आहे?"

मला इतका राग आला, की मी तडक स्वयंपाकघरात जाऊन मसाला भाजायला घेतला. दगडफूल पाव वाटी. संध्याकाळी आमटीचा पहिला घोट घेतला आणि राग कुठल्या कुठे पळाला. खरं सांगते, मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी रुचिरचा फोन आला. "काकू, फॉन्ट मिळाला. सगळ्या रेघा एकदम बढिया दिसतायत."

दुकानात जाऊन मी पानन्‌पान तपासलं. रेघा खरंच सुरेख उमटल्या होत्या. गोड्या मसाल्यापाशी आले आणि मनात आलं, सगळ्या गावाला कशाला?

"रुचिर, इथे दगडफुलापुढे तो चौकोनच राहू दे."

"काकू, इतक्या मुश्किलीने फॉन्ट शोधला..."

"राहू दे म्हणते ना."

रविवारी अक्कांनी पुस्तक उघडलं ते थेट त्याच पानावर. चौकोन पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. पुस्तक मिटून त्यांनी मला जवळ ओढलं.

"आता शोभतेस माझी जाऊ," त्या माझ्या कानात म्हणाल्या.