टेकडीवरचा खांब

घड्याळजींना त्या दुपारी मिळण्यासारखं होतं ते एवढंच: समुद्रातल्या एका ओसाड खडकावरून आलेलं 'तुमचा आवाज पोचला' हे वाक्य. त्याला ना बाजारात भाव, ना घरात. पण ते व्याह्यांच्या आधी मिळालं असतं, तर पुढच्या प्रत्येक भेटीत व्याही चहा फुंकत बसले असते आणि बोलले असते घड्याळजी. आजवर नेमकं उलटं चालत आलं होतं.

व्याही म्हणजे निवृत्त चित्रकला मास्तर. दोघेही परवाना काढून घरून रेडिओवर बोलणारे हौशी. सोयरीकसुद्धा रेडिओवर गप्पा मारतामारताच जमलेली. मास्तरांचं घर टेकडीवर, त्यावर अँटेनाचा उंच खांब. घड्याळजी खाली खळग्यात. त्यामुळे लांबची स्टेशनं मास्तरांनाच आधी सापडायची, आणि मास्तर ते मोठ्या मनाने, पुन्हा पुन्हा ऐकवायचे.

खडकावर चार हौशी मंडळी यंत्र घेऊन उतरली होती. संध्याकाळी बोट येऊन त्यांना नेणार. मग तिथे पुन्हा कोण कशाला तडमडतंय! अडचण एकच होती. एका गावातले दोघे एकाच वेळी हाका मारायला लागले, की दोघांच्याही रिसीव्हरमध्ये एकमेकांचाच गोंगाट भरतो आणि दूरचा बारीक आवाज त्यात बुडून जातो. एकाने थांबायला हवं होतं. दोघेही थांबत नव्हते, आणि पश्चिमेकडून काळं चढत होतं.

"अहो, ती केबल काढा," बायको दारातून म्हणाली. "मघापासून गडगडतंय."

"लांब आहे अजून."

"लांब आहे तोवरच काढायची ना? डोक्यावर आल्यावर कोण हात लावणार?"

हे तिला घड्याळजींनीच शिकवलेलं. वादळाची चाहूल लागली की सेटमागची अँटेनाची केबल सोडायची, टोक खिडकीबाहेर टाकायचं. नाहीतर छपरावरची वीज सरळ तारेवरून खोलीत उतरते.

हेडफोनमध्ये प्रत्येक चमकेसरशी कडकड फुटत होती, आणि त्या कडकडीच्या मधून मास्तरांचा खणखणीत आवाज.

"मास्तर अजून आहेत," घड्याळजी म्हणाले.

"लग्न मुलीचं लावलंय की तुमचं, त्यांच्याशी?"

घड्याळजींनी हिशेब मांडला होता. वीज उंचावर आधी पडते. टेकडी उंच, खांब त्याहून उंच, आणि मास्तर तर थंडी पडायच्या आधी स्वेटर चढवणारे. म्हणजे माघार तेच घेणार. आपण फक्त आणखी थोडा दम धरायचा.

"वर टेकडीवर चिमी आहे ना हो," बायको म्हणाली.

त्यांची एकुलती एक लेक, मास्तरांची सून. क्षणभर त्यांचा हात माईकच्या बटणावर थबकला.

"ती काय सेटपाशी बसलीय? असेल स्वयंपाकघरात."

बायको स्वतःच केबलपाशी आली. घड्याळजींनी कोपर आडवं धरलं. तेवढ्यात हेडफोनमधला मास्तरांचा आवाज तुटला आणि घड्याळजी पुढे सरकले. माघार? नाही. दुसराच आवाज आला.

"बाबा, मी चिमी. मामंजी खिडक्या लावायला गेलेत म्हणून माईक हाती लागला. तुम्ही बंद करा ना. ते म्हणतात, व्याही थांबले की मी थांबतो. ओव्हर."

"त्यांना सांग, आधी तुम्ही थांबा. धोका तुम्हाला जास्त आहे, टेकडीवर तुम्ही आहात. ओव्हर."

थोडी खरखर झाली.

"म्हणजे कळतंय तुम्हाला," चिमी म्हणाली. "बरं. मग मीच काढते केबल."

आता हात लावू नकोस, एवढं सांगायला त्यांनी बटणाकडे बोट नेलं, तोच खिडकी पांढरी झाली. कानात काहीतरी फाटलं. वर भांडी खणखणावीत तसं अख्खं छप्पर वाजलं.

मग शांतता. मास्तर नाहीत, चिमी नाही, गोंगाट नाही. आणि त्या स्वच्छ जागेत एक बारीक परका आवाज घड्याळजींचं संकेतनाव अक्षर-अक्षर सुटं करून वाचत होता. तुमचा आवाज पोचला. बोला.

घड्याळजींनी बटण दाबलं. नाव सांगितलं, आवाज कसा येतोय ते सांगितलं, रीतसर आभार मानले. बायको बघत होती. मग हेडफोन भिरकावून ते पळत सुटले. चपलासुद्धा घातल्या नाहीत, असं ते पुढे सगळ्यांना सांगत. बटणाचं सांगत नसत.

टेकडीवर सेटचा कोळसा झाला होता, भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग. मास्तर पायरीवर बसले होते.

"मला वाटलं, तुम्ही थांबाल," मास्तर म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही."

आत चिमी भिंतीला टेकून बसली होती, नवरा तिच्या हातावर पाणी ओतत होता. बोटांची टोकं काळी, नजर मात्र जाग्यावर.

"मिळाला का खडक?" तिने विचारलं. गरजेपेक्षा फार मोठ्याने.

"मिळाला," घड्याळजी पुटपुटले.

"काय?"

त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं, ओरडून, सगळ्यांसमोर.

खर्च असा वाटला गेला. मास्तरांचा सेट गेला. त्यांनी दुसरा घेतला, भेगही बुजवली. घड्याळजींना खडक मिळाला आणि त्यांच्या घरातला एक खिळासुद्धा हलला नाही. चिमीची बोटं हळूहळू बरी झाली. उजवा कान गेला, तो तिचा गेला.