नकाशा कुणाकडे होता

थोरलीने स्टीलची पट्टी दाबून धरली आणि नोंदवहीतलं एक पान शिवणीलगत ब्लेडने कापलं. मोजणी खात्यात तीस वर्षं नकाशे कापून हात बसलेला होता. वही मिटल्यावर त्यातलं पान गेलंय, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. पानाला घडी न घालता तिने ते पाकिटात सरकवलं.

बाहेरच्या खोलीत धाकटी स्वतःच्या गणवेशाला इस्त्री करत होती.

‘ताई, कॅप्टननी दिलेल्या जुन्या नोंदवह्या घेतल्यास ना? टेबलावर मांडायच्यात.’

‘घेतल्या.’

‘आणि पाच मिनिटं हं. सगळ्यांना पाचच मिनिटं दिलीत.’

‘पाच लागायची नाहीत मला.’

धाकटी हसली. आज ती सकाळपासून कशालाही हसत होती. कॅप्टनना ब्याऐंशी पूर्ण झाली होती. त्यांच्या गाइड पथकातल्या जुन्या मुली, म्हणजे आता आज्या होऊ घातलेल्या बायका, त्यांचा सत्कार करणार होत्या. सगळा घाट धाकटीचाच. कॅप्टन ज्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्याच शाळेत ती शिकली आणि आता त्यांच्याच खुर्चीत बसत होती. कार्यक्रमाचं नावही तिनेच ठरवलं होतं : ‘आवडत्या आठवणी’.

आवडत्या आठवणींचा थोरलीकडे तुटवडा नव्हता. भुरभुर पावसात एका काडीत पेटवलेली चूल होती. सोळाजणी आत झोपलेल्या असताना बसलेला तंबू होता, आणि त्याखालून एका सुरात आलेल्या शिव्या होत्या. पुढे नोकरी लागल्यावर तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं पथक काढलं आणि चोवीस वर्षं चालवलं. शिबिराच्या पहिल्या दिवशी आईसाठी रडून डोळे सुजवून घेतलेली एक मुलगी सहाव्या दिवशी बसमध्ये चढायलाच तयार होईना, ही तर ती कुणालाही रंगवून सांगायची. लोक म्हणत, बाईला स्काउटिंगचं वेड आहे. वेड होतंच. पण त्या वेडाच्या बुडाशी डूख होता, आणि तो तिने अडतीस वर्षं जिवापाड सांभाळला होता.

तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, संघनायिका. शिबिराच्या चौथ्या दिवशी पदभ्रमंतीला कॅप्टन पुढे होत्या आणि नकाशा त्यांच्या हातात होता. थोरली सगळ्यात मागे, लहान मुलींना सांभाळत. दुफाट्यावर कॅप्टन डावीकडे वळल्या. वाट खडकावर जाऊन संपली. परत फिरताना पिल्लू, पथकातली सगळ्यात लहान मुलगी, दगडावरून घसरली आणि तिचा कोपर मोडला. तो पुढे कधी सरळ झालाच नाही.

दुसऱ्या दिवशी पालक जमले. कॅप्टन म्हणाल्या, नकाशा मी संघनायिकेच्या हाती दिला होता, तिने आगाऊपणा केला. मग सगळ्या मुलींना रांगेत उभं करून त्यांनी थोरलीला पुढे बोलावलं.

‘स्काउट खोटं बोलत नाही. स्कार्फ काढ.’

थोरलीने काढला. तीन वर्षं ज्या पदकासाठी ती धडपडत होती, त्याची शिफारस त्यांनी फाडून टाकली. पण तेवढंच असतं तर ती कदाचित विसरली असती. घरी आल्यावर बाबांनी तिचं ऐकून घेतलं नाही. हातातलं दुरुस्तीसाठी उघडलेलं घड्याळ तसंच ठेवून ते उठले, तिला पिल्लूच्या घरी घेऊन गेले आणि तिच्या आईच्या पाया पडायला लावलं. बाबा जाऊनही आता अकरा वर्षं झाली होती. माझी मुलगी खोटारडी, असं समजतच गेले. त्याचा हिशोब कॅप्टनना चुकता करावा लागणार होता.

सभागृहात पंख्यांचा खडखडाट आणि बायकांचा कलकलाट यांची चुरस लागली होती. व्यासपीठावर कॅप्टन खाकी साडीत, मानेभोवती स्कार्फ, पाठ अजून छडीसारखी ताठ. एकेक जण येऊन बोलत होती. कुणी करपलेल्या पातेल्याची गोष्ट सांगितली, कुणी बुटात सापडलेल्या बेडकाची. कॅप्टन प्रत्येकीची तारीख दुरुस्त करत होत्या आणि सभागृह हसत होतं. पिल्लू तिसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजवताना तिचा उजवा हात अर्ध्यावरच थांबे आणि डावा तिथवर जाई.

‘आणि आता माझी सख्खी बहीण,’ धाकटी माइकवर म्हणाली. ‘घरात मी तिचं ऐकते, इथे तिने माझं ऐकायचंय. पाच मिनिटं!’

थोरलीने पाकिटातून पान काढलं.

‘माझी आठवण कॅप्टननीच लिहून ठेवलीय. मी फक्त वाचते. शिबिराचा चौथा दिवस. सकाळी सात वाजता प्रस्थान. पुढे मी, नकाशा माझ्याकडे. मागे संघनायिका, लहान मुलींसोबत. खाली सही.’

तिने पान कॅप्टनसमोर धरलं. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. त्या नाकारणार, आवाज चढवणार, हे थोरलीने धरलंच होतं. उत्तरंही तयार होती.

‘अक्षर माझं आहे,’ कॅप्टन म्हणाल्या. ‘तू म्हणतेस ते खरं आहे.’

सभागृहात आता फक्त पंखेच होते.

‘मग स्कार्फ काढा,’ थोरली म्हणाली.

‘ताई!’ धाकटीच्या हातातला माइक किंचाळला.

‘स्काउट खोटं बोलत नाही. काढा.’

कॅप्टननी हात गळ्याशी नेला. स्कार्फची कडी सरकेना. धाकटी मदतीला धावली तेव्हा त्यांनी तिला नजरेनेच थांबवलं. बराच वेळ लागला. थोरली समोर उभी राहून पाहत होती, एक क्षणही नजर न हलवता. स्कार्फ निघाला, त्यांनी तो मांडीवर ठेवला, आणि उघड्या मानेची म्हातारी एकदम लहान दिसायला लागली. थोरलीला वाटलं होतं त्याहून जास्त बरं वाटलं. ती पायऱ्या उतरून, रांगांमधून, कुणाकडे न बघता बाहेर गेली.

व्हरांड्यात पाण्याच्या पिंपाशी ती दुसरा पेला पीत होती तेव्हा पिल्लू मागून आली.

‘एवढं करायची गरज होती का, ताई?’

‘तुला वाटतं नव्हती? तुझा हात बघ.’

‘हाताचं सोड. त्याची मला सवय आहे.’ पिल्लूने ओढणी सारखी केली. ‘पण तुझ्याकडून चूक झाली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊकच होतं की. मी तर तुझं बोट धरून चालत होते.’

‘सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या बाबांना नव्हतं.’

पिल्लूने थोरलीच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला आणि पिंपावर ठेवला.

‘त्यांना मीच सांगितलं होतं,’ ती म्हणाली. ‘तुम्ही आमच्याकडे आलात त्या संध्याकाळी. मी आतल्या खोलीत पडून होते. ते मला बघायला आत आले. मी म्हटलं, काका, ताईला रागावू नका, नकाशा कॅप्टनकडे होता.’

‘मग?’

‘माझ्या डोक्यावरून हात फिरवला त्यांनी. म्हणाले, माझ्या धाकटीला कॅप्टनच्या शाळेत घालायचंय बाळ, पुढच्या आठवड्यात प्रवेशाची नावं लागतील. आता कुणाला काही सांगू नकोस.’

आत माइकवर धाकटीचा आवाज आला. तिने कुणाला तरी पुढे बोलावलं, पण नाव अर्ध्यावरच तुटलं.

‘मी कुठे होते तेव्हा?’ थोरलीने विचारलं.

‘तू बाहेर होतीस. आईने तुला सरबत दिलं होतं, आणि तू ते घेत नव्हतीस.’