शेवटची तीन प्रकरणं

मिस्त्रींनी पाचव्यांदा बटण दाबलं आणि पडद्यावर तीच लाल ओळ आली: पासवर्ड चुकीचा आहे. त्यांनी फोनवर मुलीला सांगितलं,

"गेलं सगळं. तुझ्या आईचं खातं आता उघडत नाही."

"बाबा, आधी हात बाजूला घ्या. काय दिसतंय ते सांगा."

बायको जाऊन अडीच महिने झाले होते. अंध लोकांसाठी ती पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. एका संकेतस्थळावर तिच्या आवाजात चौदा पुस्तकं होती. पंधराव्याची शेवटची तीन प्रकरणं मसुद्यातच राहिली होती. नव्वद दिवस हात लागला नाही तर मसुदे पुसले जात. शुक्रवारी ते पुसले जाणार होते.

"पासवर्डच्या चौकटीत दोन चिन्हं आहेत," मिस्त्री म्हणाले. "एक किल्ली, एक ढाल."

"किल्ली आईची. ढाल मी तुम्हाला बसवून दिली ती. दोघीही पासवर्ड जपतात आणि दोघीही तो भरायला धावतात."

"म्हणजे एका पंपाला दोन स्टार्टर."

"तसंच. ढाल बंद करा."

चाळीस वर्षं पंप दुरुस्त केलेल्या माणसाला हे लगेच पटलं. कोपऱ्यातली यादी उघडून त्यांनी ढाल बंद केली. किल्लीनं चौकटीत काळे ठिपके भरले. लाल ओळ पुन्हा आली.

"मग तुझ्या आईनंच चुकीचा ठेवला म्हणायचा."

"आईनं? सामानाची यादीसुद्धा दोनदा तपासायची ती. बाबा, मागच्या आठवड्यात तुम्ही इथं प्रयत्न केला होतात का?"

"केला होता. नाही उघडलं."

"तेव्हा किल्लीनं काही विचारलं?"

मिस्त्रींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"विचारलं असेल. नवा पासवर्ड ठेवू का, असं काहीतरी."

"आणि तुम्ही?"

"हो म्हटलं."

"न वाचता?"

मिस्त्री चष्मा पुसत राहिले.

"ढालीनं तुमचा पासवर्ड भरला, आणि तुम्ही किल्लीला सांगितलंत, आईचा काढ नि हा ठेव. काय हो बाबा! आई म्हणायचीच, घराला आग लागली सांगितलं तरी हे मान वर न करता हो म्हणतील."

"आता काय करायचं ते सांग."

"किल्लीत 'जुने पासवर्ड' असं कुठं दिसतंय का बघा. आणि वाचून दाबा."

एकच ओळ होती, मागच्या आठवड्यात बदललेल्या पासवर्डची. मिस्त्रींनी एकेक अक्षर बोट ठेवून कागदावर उतरवलं, मग मोठ्यानं वाचत चौकटीत भरलं. खातं उघडलं. तिन्ही प्रकरणं जागेवर होती.

पाठवण्याआधी सगळं ऐकून घरातले आवाज कापायचे, असा तिथला नियम होता. मिस्त्री कानाला हेडफोन लावून बसले. पहिल्या प्रकरणात दाराची कडी वाजली, ती त्यांनी कापली. दुसरं स्वच्छ होतं. तिसऱ्याच्या मध्यावर ती वाचता वाचता थांबली.

"अहो, दवाखान्यात उद्याची वेळ घेऊन ठेवाल का?"

लांबून, हातोडीच्या ठोक्यांमागून, त्यांचाच आवाज आला.

"हो."

"ऐकलंत ना?"

"हो, हो."

खुर्ची करकरली. पान उलटल्याचा आवाज झाला आणि तिनं अर्धं राहिलेलं वाक्य पहिल्यापासून वाचायला घेतलं.

मिस्त्रींनी ते मागं नेऊन पुन्हा ऐकलं. तो दिवस कोणता, ते त्यांना आठवेना.

शुक्रवारी मुलीचा फोन आला.

"झालं ना बाबा? घरातला आवाज तेवढा कापा आणि पाठवून द्या."

"हो," ते म्हणाले, आणि थांबले. "काय म्हणालीस? परत सांग."

तिनं परत सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

हात लागल्यामुळे मसुदे पुसले गेले नाहीत. दोन प्रकरणं पाठवून झाली. तिसऱ्यातले पंधरा सेकंद अजून कापायचे राहिले आहेत.