कंपनी-फिटिंगचा शॉक

मी एक शॉक-अॅब्सॉर्बर. डोंगरातल्या भुसभुशीत बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबिलच्या फिरत्या पट्ट्याच्या आत माझी जागा. बसणाऱ्याच्या वाट्याचे धक्के आधी मी खायचे, हेच माझं काम. गाडीबरोबर कारखान्यातूनच आलो, म्हणून लोक मला 'स्टॉक' म्हणतात. नवीन शॉकची गोष्ट निघाली की जरा तुच्छतेनंच.

माझे मालक अश्वजित आणि समता. राहतात नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला. इथे डोंगर नाही, आणि बर्फ पडलाच तर दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. त्यामुळे वर्षभर मी घरामागच्या शेडमध्ये सायकलींना खेटून उभा असतो आणि हिवाळ्यात ट्रेलरवर चढून स्वीडनला जातो.

गेल्या हिवाळ्यात तिथे असताना अश्वजितला उंचवट्यांवरून उड्या मारायचा नाद लागला. उडीनंतर मी पार खाली बसू नये म्हणून त्यानं माझी स्प्रिंग शेवटपर्यंत आवळली. त्याच्या वजनाला ते चाललं. एका दुपारी समता माझ्या गाडीवर बसली. त्यांचा मित्र रविराज केबिनमध्ये आराम करत होता, म्हणून त्याची गाडी अश्वजितनं घेतली. समता अंगानं हलकी. आवळलेला मी तिच्याखाली दगडासारखा झालो.

"अश्वजित, फार हादरे बसतायत. हे जरा सैल करून दे ना."

"उजेड जाईल गं. वर जाऊन येऊ, मग करतो."

स्पॅनर सीटखालीच होता.

चढावर तिनं हात वर केला. त्यानं मागे वळून पाहिलं, 'ये, ये' अशी खूण केली आणि तो पुढे गेला. पुढे बर्फाखाली झाकलेला चर होता. गाडी त्यात आदळली. मी जेमतेम दबलो, आणि सगळा दणका तिच्या पाठीत गेला.

मणक्याला चीर गेली होती. घरी आल्यावर कमरेला पट्टा, हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, खेपा, फिजिओ. वाखनिंगनच्या प्रयोगशाळेत तासन्‌तास उभी राहणारी बाई घरी आडवी पडून मीटिंगा करू लागली. अश्वजित तिच्याआधी उठायचा, डबा करायचा, तिला साधी पिशवीही उचलू द्यायचा नाही. आणि कुणी विचारलं की सांगायचा, "स्टॉक शॉक. कंपन्या तिथेच कंजुषी करतात."

पावसाळी हवेत एका सकाळी तो मला पुसायला बसला. स्प्रिंग आवळायच्या माझ्या कडीवर बोटं गेली. ती अजून तशीच, शेवटपर्यंत आवळलेली. त्याचा हात तिथेच थांबला. मग तो मला न पुसताच निघून गेला. त्या आठवड्यापासून त्यानं नव्या शॉकची चौकशी सुरू केली.

रविवारी रविराज मला बघायला आला. "बदलूनच टाक," तो म्हणाला. तेवढ्यात कमरेचा पट्टा नुकताच सुटलेली समता सायकल काढायला शेडमध्ये आली. "वहिनी, नवऱ्यानं मनावर घेतलंय. नवे शॉक आले की कंबरेला धक्का म्हणून लागणार नाही."

समता हसली. त्या हसण्यानं अश्वजितचा चेहरा उतरला.

"शॉकचा दोष नाही," तो म्हणाला. "मी स्प्रिंग माझ्यासाठी आवळली होती. हिनं सैल कर म्हणून सांगितलं. नंतर हात केला तोही मी पाहिला. पाहिला, आणि थांबलो नाही."

रविराज काहीतरी पुटपुटत निघून गेला.

समता सायकलचं हँडल धरून उभी होती. "तू खूण केलीस, पण माझा हात पाहिलाच नाहीस, असं मी धरून चालले होते," ती म्हणाली. "इतके महिने मी स्वतःला तेच सांगत होते."

"माहीत होतं मला. म्हणून तर शॉकवर..."

"म्हणून तर काय?"

ती सायकल घेऊन गेली. ती परत येईपर्यंत तो शेडच्या दारातच बसून होता. ती आली, त्याच्या बाजूनं सायकल आत लावून घरात गेली.

बरेच दिवस घरात कामापुरतंच बोलणं चाललं. मग एका शनिवारी समता एकटीच शेडमध्ये आली. तिनं स्पॅनर शोधला, जमिनीवर हळूच बसली आणि माझी कडी फिरवू लागली. अश्वजित दारात येऊन म्हणाला, "मी करतो ना. वाकू नकोस."

"मला येतं."

तो मागे सरला आणि उभा राहिला. ती मधेमधे उठायची, सीटवर बसून बघायची, पुन्हा फिरवायची. शेवटी तिच्या भारानं मी बेतानं खाली गेलो. तिनं डोळे मिटून एक श्वास सोडला.

"नवे मागवू नकोस," ती म्हणाली. "मी पुन्हा स्वीडनला येईन की नाही, ते अजून ठरलेलं नाही."

"बरं," तो म्हणाला.

आता मी तिच्या वजनाला लावलेला आहे. अश्वजित बसला तर मी पार टेकेन. अजून तरी तो बसलेला नाही. तुमच्याही घरी माझ्यासारखं काही असेल. जुनं झालं, झिजलं, तर खुशाल बदला. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त आपली चूक आमच्या नावावर घालू नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला लागलेलं असतं तो तुमच्या तेवढ्या सांगण्यावर विश्वास ठेवून जगत असतो.