हात कोणाचा हलतो

धाकटीने काढलेल्या प्रत्येक फोटोवर तिच्या वडिलांचा एकच शेरा असे: "हात हलला तुझा." त्यांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, त्यामुळे हाताबद्दल बोलायचा मक्ता त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता. आता सगळे पाट्या छापूनच घेतात, असं सांगून वर्षापूर्वी त्यांनी कुंचले धुऊन ठेवले आणि मोकळा वेळ लेकीच्या चुका काढण्यात सत्कारणी लावला. तिने काढलेले त्यांचे फोटो तर हटकून बिघडायचे. धाकटी एका क्रीडा संघासाठी सामन्यांचे फोटो काढायची; तिथे कुणाची तक्रार नव्हती, पण घरात तिची डाळ शिजत नव्हती. शेवटी तिने ठरवलं, हाताचा कंप रोखणारी लेन्सच घ्यायची आणि बाबांचं तोंड एकदाचं बंद करायचं.

दुकानदाराने काउंटरवर दोन लांब पल्ल्याच्या झूम लेन्स ठेवल्या. एक हलकी, साधी. दुसरी जाडजूड, कंप रोखायचं बटण असलेली.

"माझं ऐकू नका, स्वतःच बघा," तो म्हणाला. "शटर मुद्दाम सावकाश ठेवतो, म्हणजे फरक कळेल."

बाबा आत आले नव्हते. समोरच्या फुटपाथवर औषधाच्या दुकानाची पाटी निरखत, अर्थातच तिच्यात खोट काढत, उभे होते. धाकटीने दारातूनच त्यांच्यावर नेम धरला. साध्या लेन्समधून बाबा, पाटी, रस्ता, सगळ्याचाच लगदा झाला. मग तिने दुसरी लावली. शटरचं बटण अर्धं दाबताच लेन्सच्या आत बारीक घरघर झाली आणि हिंदकळणारं चित्र जागच्या जागी थांबलं. फोटो काढून तिने तो पडद्यावर मोठा केला. पाटीवरचं अक्षर न् अक्षर स्वच्छ. बाबांच्या शर्टाची बटणं मोजावीत इतकी स्पष्ट. फक्त मांडीशी सोडलेला उजवा हात मनगटाखाली पुसट आला होता.

"काकांनी हात हलवला वाटतं," दुकानदार म्हणाला. "ताई, ही लेन्स तुमचा हात सावरते. समोरच्याचा नाही."

तिने आणखी चार काढले. बाबा खांबासारखे उभे होते आणि चारही फोटोंत तो हात तसाच होता. कुंचले का धुतले गेले, ते आत्ता तिच्या ध्यानात आलं. आपलाच हात हलत असता तर किती बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

तेवढ्यात बाबा रस्ता ओलांडून आत आले. "आण इकडे. हललाच असणार."

तिने काही म्हणायच्या आत त्यांनी कॅमेरा घेतला. सवयीने आधी पाटीच पाहिली.

"वेलांटी चुकलीय गाढवाची," ते म्हणाले. मग नजर खाली आली आणि बराच वेळ तिथेच राहिली. दुकानदार उगाचच काच पुसू लागला.

"तुझा हात चांगला आहे गं," बाबा म्हणाले.

वर्षभर ती हे ऐकायला आसुसली होती. आता त्यांनी नेहमीसारखं खेकसावं, एवढंच तिला हवं होतं.

"मला सांगायचं नाही का, बाबा?"

त्यांनी उजवा हात खिशात घातला.

"तुझ्यावर ओरडलो की तू तुझ्याच हाताकडे बघायचीस," ते म्हणाले.