क्लबच्या व्हरांड्यातून

पहिल्या ग्रीनच्या कडेला येताच कमळाकर म्हात्रे थांबला, वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. बूट कोरे करकरीत होते. लेकीनं, ऋतुजानं, गेल्याच आठवड्यात पुण्याहून पाठवलेले, खास गोल्फचे.

"बूट कशाला काढता, दादा?" मागून वाळू म्हणाला. त्याच्या खांद्यावर क्लबच्या काठ्यांची पिशवी होती. "आज काय पंपावर नाय आलात तुमी. क्लब बघायला आलात."

"सवय रे," कमळाकर ओशाळून म्हणाला. पण बूट त्यानं काढलेच.

सवय एकतीस वर्षांची होती. रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी एका कंपनीनं आपल्या साहेबांसाठी हा नऊ होलांचा क्लब केला होता. आंबे, करंज, ऐन, बहावे यांच्यामधून जाणारे गवताचे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याच्या शेवटी, बॉल घालायच्या खड्ड्याभोवती, जपून राखलेली बारीक गवताची गोल जागा. तिला ग्रीन म्हणायचं. कमळाकर इथला पंपवाला. पहाटे पाचला नदीवरचा पंप सुरू करायचा, साहेब यायच्या आत नवही ग्रीन भिजवायच्या आणि पंपाच्या खोलीकडं परतायचं. पाणी सोडणाऱ्यानं ग्रीनवर अनवाणीच चालायचं असा नियम होता. तो करणारा साहेब केव्हाच वारला, नियम मात्र धडधाकट राहिला.

निवृत्त होऊन पेणच्या घरी बसल्यावर तो एकदा लेकीसमोर सहज बोलून गेला होता, की गवताला एवढं पाणी पाजलं, पण बॉल मारला की हाताला कसं लागतं ते काही कळलं नाही. ऋतुजानं ते लक्षात ठेवलं. साठीला म्हणाली, बाबा, माझ्याकडून भेट, कुठल्याही क्लबचे मेंबर व्हा, फक्त क्लब तुम्ही निवडा आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत मला सांगा. कमळाकरची बायको मालू म्हणाली, साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच. पण पिशवीत पाण्याची बाटली तिनंच भरून दिली.

आणि आज शनिवार होता.

मागच्या रविवारी तो वडखळच्या पुढं, अलिबागच्या रस्त्यावरचा नवा क्लब बघून आला होता. तिथं बॅटरीची गाडी होती, कुठून तरी आणून लावलेली ताडासारखी झाडं होती आणि तोंड पुसायला थंडगार रुमाल होता. टाय लावलेला एक माणूस दर वाक्याला त्याला सर म्हणत होता. कमळाकरनं त्याला विचारलं, गवताला पाणी कुठनं येतं? माणूस म्हणाला, सर, सगळं ऑटोमॅटिक आहे. ते खरं, पण येतं कुठनं? तेव्हा तो माणूस आत जाऊन चौकशी करून आला आणि त्यानं एक रंगीत पुस्तिका हातात ठेवली.

तरीही कमळाकरला तो क्लब आवडला होता. तिथं त्याला कोणीही ओळखत नव्हतं. इथं सगळे ओळखत होते, आणि धास्ती होती ती त्याचीच. साहेब लोक गेल्यावर कंपनीनं इथलं सभासदत्व बाहेरच्यांना खुलं केलं होतं हे खरं. पण जिथं जन्मभर पंपवाला म्हणून वावरलो तिथं मेंबर म्हणून मिरवलं तर लोक तोंडावर नाही तरी मागे हसतील, असं त्याला वाटत होतं. आणि का कुणास ठाऊक, बघायचं होतं ते हेच. व्हरांड्यात बसून चहा घेताना कसं वाटतं ते.

खेळाच्या नावानं बोंबच होती. पहिल्या फटक्याला बॉलपेक्षा माती लांब गेली. वाळू हसला नाही. नदीपलीकडच्या कातकरवाडीतून येऊन तीस वर्षं तो साहेबांच्या काठ्या वाहत होता. सोमवारी क्लब बंद असला की हे काठ्या वाहणारे कॅडी आपसात खेळत, मोडक्या काठ्यांना पाइप जोडून. त्या खेळात वाळूला हरवणारा कोणी नव्हता, पण सोमवारचा खेळ विजेत्यांच्या कुठल्या पाटीवर लिहिला जात नसे. कमळाकरनं तो पंपाच्या ओट्यावर बसून पाहिला होता.

सहाव्या ग्रीनवर मात्र गंमत झाली. बॉल खड्ड्यापासून चांगला वीस पावलं लांब होता. बॉल तिकडून लोटा म्हणून वाळूनं उजवीकडं बोट दाखवलं.

"नाय," कमळाकर म्हणाला. "पाणी हितं आधी त्या बहाव्याकडं पळतं. मग दमतं आन खाली येतं."

त्यानं बॉल डावीकडं, बहाव्याच्या रोखानं हळूच लोटला. बॉल पळाला, दमला, वळला आणि आपल्या घरी आल्यासारखा खड्ड्यात गेला.

वाळूनं वाकून बॉल खड्ड्यातून काढला. "तीस वरसं मी साहेबांना उजवीकडं सांगत आलो, दादा," तो म्हणाला. "चुकले की शिव्या मीच खायचो. एकदा तरी सांगायचं व्हतंत."

"कोनी विचारलंच नाय रे."

मग त्यांना नादच लागला. उरलेल्या प्रत्येक ग्रीनवर कमळाकर पाण्याची वाट सांगायचा आणि वाळू जोर सांगायचा. कुठली ग्रीन पाणी ढोसते, कुठली थुंकून टाकते, सगळं त्याच्या तळपायांना ठाऊक होतं. नववा खड्डा संपला तेव्हा दोघंही घामाघूम आणि खूश होते. वाळू पिशवी घेऊन सवयीनं क्लबच्या मागं, आंब्याच्या पाराकडं गेला. कॅडींची जागा ती. कमळाकरनं बूट घातले, नाड्या बांधल्या आणि व्हरांड्याच्या पायऱ्या चढला.

वर इझिकेल अष्टमकर बसले होते. क्लबचे सेक्रेटरी, वय पंच्याहत्तर, इथल्याच ज्यू कुटुंबातले. बहीण रेचल, भाऊ, भाचे सगळे इस्रायलला गेले. हे क्लबच्या किल्ल्या सांभाळत मागच्या खोलीत राहिले. त्यांनी कमळाकरला शेजारची खुर्ची दिली. चहा आला, कपबशीतून. खुर्चीचा वेत सुटलेला होता आणि तो मांडीला टोचत होता.

कमळाकरनं घोट घेतला आणि पंपाची खोली शोधायला लागला. ती दिसेना. तो पुढं सरकला, मान वाकडी केली. करंजाच्या गर्दीआड ती पार झाकलेली होती.

"पंप दिसत नाय हितनं?" त्यानं विचारलं.

"कधीच दिसत नव्हता," इझिकेल म्हणाले. "का हो?"

एकतीस वर्षं कमळाकरला वाटत आलं होतं, की व्हरांड्यात चहा पिताना साहेब पंपापाशी उभ्या असलेल्या आपल्याकडं बघताहेत. म्हणून तो कधी बिडी ओढायला टेकला नव्हता, थंडीतही सदरा खोचूनच उभा राहायचा. त्याला आता स्वतःचंच फार वाईट वाटलं. त्यानं कप बशीत ठेवला.

इझिकेल सावकाश सांगत होते, की अकरा मेंबर उरलेत, कमिटी म्हणजे आता ते स्वतःच, आणि कंपनी हे किती वर्षं चालू देईल याचा भरवसा नाही. अलिबागकडचा क्लब चांगला आहे, तुम्ही तिकडं गेलात तर मला राग येणार नाही, असंही ते म्हणाले.

"मेंबरला पाहुना आनता येतो का?" कमळाकरनं मध्येच विचारलं.

"येतो की. वहीत नाव लिहायचं, बस."

"मेंबर कधीपासनं?"

"फॉर्म भरलात की लगेच. पण तुमचा तुम्ही भरा. आज शब्बाथ, आमचा विसाव्याचा वार, मी पेन धरत नाही."

कमळाकरनं फॉर्म भरला, सही केली. मग पाहुण्यांची वही ओढली. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची होती. त्यानं तारीख लिहिली, 'वाळू' लिहिलं आणि पेन थांबलं. पुढं काय लिहायचं ते त्याला माहीतच नव्हतं. त्यानं इझिकेलांकडं पाहिलं. त्यांनीही नकारार्थी मान हलवली आणि नजर खाली घातली.

तो उठला, पायऱ्या उतरला, मागं पाराकडं गेला.

"वाळू, आडनाव काय रे तुझं?"

वाळू दचकून उभा राहिला. "काय झालं? काय हरवलं का?"

"नाय. वहीत लिवायचंय. चल, चहा घेऊ वर."

"हिलम," तो म्हणाला. मग जरा थांबून, "वाळू गोविंदा हिलम."

पायऱ्यांपाशी वाळू चपला काढायला लागला. कमळाकर म्हणाला, राहू दे पायात. वाळूनं इझिकेलांकडं पाहिलं. ते उठून स्वतः तिसरी खुर्ची ओढत होते. चपलांचे तांबड्या मातीचे ठसे उमटवत वाळू वर आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. कमळाकरनं वहीत पूर्ण नाव लिहिलं आणि ती त्याच्याकडं वळवली. वाळूला वाचता येत नव्हतं. तरी त्यानं ओळीवर बोट ठेवून ती शेवटपर्यंत नेली.

चहा आला. वाळूनं कप दोन्ही हातांत धरला आणि मैदानाकडं पाहिलं. मग मान वळवून मागच्या बाजूला पाहिलं, पुन्हा पुढं पाहिलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "आमचा पार पन दिसत नाय हितनं."

"नाय दिसत," कमळाकर म्हणाला, आणि त्यानं बिस्किटांची बशी त्याच्याकडं सरकवली.