भरवशाचा तपकिरी चंबू

मी एक जुना तपकिरी चंबू आहे. पोट गोल, मान लांब आणि मानेवर एक बारीक रेघ. त्या रेघेपर्यंत द्रव भरला की माप बरोबर होतं. ती रेघ म्हणजे माझा शब्द, मित्रांनो, आणि तो मी कधी फिरवला नाही. रंग मात्र कडक चहासारखा. त्यावरून मी काय काय ऐकून घेतलंय, ते सांगतोच आता.

भट्टीजवळ एका कारागिराने फुंकर घालून माझं पोट फुगवलं. मग माझ्यात मोजून पाणी ओतलं आणि ते जिथे थांबलं तिथे रेघ कोरली. तिथून मी एका प्रयोगशाळेत आलो. तिथल्या बाई तेव्हा तरुण होत्या. तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीत जीवनसत्त्व अ किती आहे, हे मोजायची नवी पद्धत त्या बसवत होत्या. कमी पडलं तर बाळाच्या डोळ्यांवर बेततं, फार झालं तरी अपाय होतो. म्हणून आकडा चोख हवा. पण हे जीवनसत्त्व भारी नाजूक. उन्हात राहिलं की गेलंच म्हणून समजा! माझी काच ऊन अडवते, म्हणून बाईंचं माझ्याशिवाय पान हलत नसे. "हा माझा भरवशाचा गडी," म्हणायच्या. मी मनातल्या मनात फुगायचो. खोटं कशाला बोलू?

मग आरपार दिसणारे, लखलखीत नवे चंबू आले. बाईंची सहायक पायाला चाक लावल्यासारखी पळायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ती मला बघून म्हणाली, "शी! याच्यात काही धड दिसतच नाही." नव्यांना ती चंदेरी फॉइल गुंडाळायची, म्हणजे ऊन लागायला नको. आणि मी? वरच्या फळीवर, धूळ खात.

अशातच बाईंच्या पद्धतीची परीक्षा आली. मित्रांनो, पद्धत एकाच जागी चालून भागत नाही. एकच पावडर अनेक प्रयोगशाळांना पाठवतात. प्रत्येकीने आपल्या जागी मोजायचं. आकडे जुळले तर पद्धत मान्य, नाहीतर सगळं मुसळ केरात. बाईंची उभ्या आयुष्याची मेहनत त्यावर टांगलेली होती.

आकडे रवाना झाले आणि एका सकाळी फोन वाजला. आकडे गोळा करणाऱ्या गृहस्थांचा आवाज मला फळीवरही ऐकू आला.

"बाई, बाकीच्यांचं छान जुळतंय. एक प्रयोगशाळा मात्र फार खाली आहे."

"कोणती?"

"तुमचीच."

बाईंनी आकड्यांची वही पुढे ओढली.

"काही चूक सापडली तर तुमचा आकडा वगळता येईल," ते म्हणाले. "नाही सापडली तर धरावाच लागेल. मग पद्धत नापास. परवा बैठक आहे."

उरलेली पावडर काढून दोघींनी पुन्हा सगळं करायला घेतलं. घाईत एक नवा चंबू तडकला. दुसरा शिल्लक नव्हता. नाइलाजाने भिंगरीने मला खाली ओढलं आणि धुतलं. माझं तोंड नळाला आपटून टवका उडाला, तरी मी हूं की चूं केलं नाही.

पावडरीचा द्रव गरम होता. निवल्याशिवाय रेघेपर्यंत भरता येत नाही, कारण गरम द्रव फुगलेला असतो. म्हणून आम्हा सगळ्यांना खिडकीशी वाऱ्याला ठेवलं. नव्यांची फॉइल भिंगरीने कमरेपर्यंत खाली सरकवली. लवकर निवावं, रेघही दिसावी. दर वेळी ती असंच करायची. ऊन थेट त्यांच्या उघड्या अंगावर पडलं होतं. मला डोळ्यांसमोर दिसत होतं हो! पण काचेला कुठली वाचा? जीव नुसता तळमळत होता.

मोजायच्या यंत्रातून आकडे आले. नव्या चंबूंचे सगळे सारखे, सगळे खाली. माझा एकट्याचा वर.

"बघा मॅडम, हा घाणेरडा आहे! जुनं काहीतरी चिकटलेलं असणार." भिंगरीने माझी मान धरली आणि फुटक्या काचांच्या डब्याकडे निघाली. मित्रांनो, मला वाटलं, संपलं. खरं बोललो म्हणून मेलो.

"थांब गं! वेगळा आहे म्हणून वाईट आहे, असं कोणी सांगितलं? आधी तपास."

बाईंनी मला पुन्हा धुतलं, माझ्यात पावडर न घातलेला कोरा द्रव भरला आणि तो यंत्रात घातला. पडद्यावर काहीच उमटलं नाही. मी स्वच्छ होतो!

बाई खिडकीकडे वळल्या. उन्हातली रांग पाहिली, खाली सरकलेली फॉइल पाहिली आणि कपाळावर हात मारला. मग नव्यांपैकी एक चंबू फॉइलने पुरता झाकून पुन्हा केलं. त्याचा आकडा माझ्या आकड्याला येऊन भिडला.

भिंगरीला रडू फुटलं. "मॅडम, माझंच चुकलं. पण आता बरोबर आकडा मिळालाय. हाच पाठवू या ना! कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," बाई म्हणाल्या. "परीक्षेत उत्तर एकदाच द्यायचं असतं. आणि 'निवताना झाकून ठेवा' हे पद्धतीत मीच लिहायला विसरले. माझा गडी तपकिरी होता, मला कधी गरजच पडली नाही." त्यांनी फोन लावला. "आमचा आकडा वगळा. चूक आमच्या खिडकीत होती."

"वगळतो. पण आता आणखी एका प्रयोगशाळेचं जरी काही चुकीचं निघालं, तरी आकडे कमी पडतील बरं का. मग सगळंच रद्द."

बैठकीच्या दिवशी भिंगरी एका जागी बसून होती, यावरून काय ते ओळखा. अखेर फोन आला. पद्धत मान्य झाली होती! झाकून ठेवायची ओळ तिच्यात घातली होती. आणि भाग घेतलेल्या प्रयोगशाळांच्या आकड्यांत बाईंचा आकडा नव्हता.

"तुमचीच पद्धत, आणि तुमचाच आकडा नाही!" भिंगरी हळहळली.

"अगं, माझ्यावाचून चालली म्हणून तर पास झाली," बाई म्हणाल्या. हसत होत्या, पण डोळे पुसत होत्या.

टवक्यामुळे मला आता कामाला घेत नाहीत. बाईंच्या टेबलावर असतो. रोज भिंगरी मला पुसते आणि नव्या माणसांना सांगते, "याला हात लावायचा नाही, मी याला फेकायला निघाले होते." मित्रांनो, तुमच्यातही कधी सगळे एक सांगतील आणि एखादा एकटाच वेगळं सांगेल. त्याची मान धरण्याआधी एकदा खिडकीकडे बघा.

आणि हो, मला उन्हात ठेवलंत तरी चालेल. माझ्या पोटातून जे खरं निघेल, तेवढं जपा.